नवे नव्हे, नीट

‘जुने ते सोने’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु ज्याच्या दारात जुने, बंद पडलेले यंत्र उभे आहे अशा शेतकऱ्याला विचारावे, म्हणजे त्या सोन्याचा खरा भाव कळतो. भंगारवाला किलोने भाव सांगतो, आणि घरातील माणसे त्या यंत्राबरोबर गेलेली वर्षे मोजत बसतात. दोन्ही हिशेब खरे असतात. पण ते एकमेकांत बसत नाहीत.

आमच्या धर्मग्रामातील एका वस्तीवर गेल्या उन्हाळ्यात असा एक हिशेब आम्ही जवळून पाहिला. एका जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन घरच्या माणसांनी घरच्या लिंबाखाली खोलले आणि पुन्हा बांधले. एवढीच ती घटना. परंतु ते काम पाहत असताना क्षमेविषयी एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. ज्या विषयावर आम्ही इतकी वर्षे प्रवचने केली त्याची एक बाजू आपण कधी पाहिलीच नव्हती, हे त्या लिंबाखाली आमच्या ध्यानात आले. सदर कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहोत. पापस्वीकाराच्या वेळी ऐकलेला एक शब्दही यात नाही. जे आहे ते सर्व उघड्यावर, चार माणसांदेखत घडलेले आहे.

ट्रॅक्टर होता एचएमटीचा २५११, दोन सिलिंडरचा, पंचवीस अश्वशक्तीचा. त्याचे मूळ घराणे चेक देशातील ब्रनो शहरातले. तेथील कारखान्याने १९४६ पासून ‘झेटॉर’ या नावाने ट्रॅक्टर बनविले, आणि त्यांच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे उत्पादन सुरू केले. मनगटावरच्या घड्याळांमुळे एचएमटी हे नाव घरोघरी ठाऊक होते. शेतकऱ्यांना ते शेतातही ठाऊक झाले. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे यंत्र आहे, पण यंत्राचे माहेर उरलेले नाही. सुटे भाग मात्र अजून मिळतात, कारण अशा इंजिनांवर पोट असलेले लहानमोठे कारखानदार देशात पुष्कळ आहेत.

घरातील वृद्ध पित्याने १९८४ साली कर्ज काढून हा ट्रॅक्टर घेतला होता. पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीत त्याने कित्येक वर्षे नांगर ओढला. त्याच्या भाड्यावर दोन मुलींची लग्ने झाली. दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी अवघी वस्ती त्याच्याच ट्रॉलीत बसून हरिगावला गेली. असा तो ट्रॅक्टर चार वर्षांपूर्वी ऐन ऊसलागणीच्या दिवसांत बंद पडला, आणि त्याच्याबरोबर घरातील दोन भावांचे बोलणेही बंद पडले.

कारण साधे होते. डिझेल इंजिनाला इंधनाइतकीच हवा लागते, आणि ती हवा स्वच्छ असावी लागते. आपल्या शेतातील धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून हवा आधी तेलाच्या भांड्यातून गाळून घेतात. ते तेल वेळेवर बदलावे लागते, आणि गाळणीपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप घट्ट असावी लागते. क्लिप सैल असेल तर हवा गाळणीला वळसा घालून थेट आत शिरते, आणि धूळ तेलात मिसळून धार लावण्याच्या पेस्टीप्रमाणे लोखंड खात राहते. त्या हंगामात धाकटा भाऊ ट्रॅक्टर भाड्याने चालवीत होता. इंजिन आधी निळा धूर टाकू लागले, मग तेल पिऊ लागले, मग तेलाचा दाब उतरला, आणि एके संध्याकाळी आतून ठोके ऐकू आले. थोरला म्हणाला, “तू बघितलं नाहीस.” धाकटा म्हणाला, “ट्रॅक्टरच म्हातारा झालाय, त्याला मी काय करू?” शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने पुण्याची वाट धरली व एका गॅरेजात नोकरी पत्करली. ट्रॅक्टर लिंबाखाली उभा राहिला. कोंबड्या त्याच्या सीटवर बसू लागल्या.

त्या वेळी आम्ही त्या घरी गेलो होतो. दोघा भावांना समजावून पाहिले. ते जमले नाही. मग निघताना आम्ही थोरल्या सूनबाईंना म्हणालो, “तुम्ही मोठ्या आहात. तुम्हीच मोठेपणा घ्या, घर सांभाळा.” हे वाक्य आम्ही आजवर किती घरांत उच्चारले असेल, याची गणती नाही. त्यांनी मान डोलावली. आम्ही आशीर्वाद देऊन परतलो आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजलो.

गेल्या वर्षी वडील आजारी पडले. नातू आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेत होता. सुटीत घरी आल्यावर त्यानेच विषय काढला. नवा ट्रॅक्टर घ्यायचा तर कित्येक लाखांचे कर्ज. भाड्याने नांगरट करून घ्यायची तर हाती काही उरत नाही. इंजिन बांधले तर खर्च आवाक्यातला होता. परंतु नुसत्या पुस्तकी ज्ञानावर इंजिन बांधता येत नाही, सरावलेला हात लागतो. वडिलांनी स्वतः पुण्याला फोन लावला. धाकटा आठ दिवसांची रजा काढून आला. भावाशी तो बोलला नाही. पाने-पेटी घेऊन सरळ लिंबाखाली गेला.

फांदीला चेन-पुली अडकविली आणि इंजिन उतरविले. सूनबाई डिझेलच्या परातीत एकेक भाग धूत होत्या, कोरड्या फडक्याने पुसून जुन्या साडीच्या पट्टीत गुंडाळत होत्या, आणि प्रत्येक पुडीवर खडूने खूण करीत होत्या, कारण ज्या क्रमाने खोलले त्याच्या उलट क्रमाने बांधायचे असते. म्हातारे वडील बाजेवर बसून नटबोल्ट निवडीत होते. आम्ही तिसऱ्या दिवशी आजाऱ्याला कम्युनियन देण्यासाठी गेलो होतो, ते तिथेच बसून राहिलो.

हेड काढले तेव्हा लायनरच्या आत, पिस्टन जिथवर चढतो तिथे, बोटाला लागेल एवढी कड तयार झालेली दिसली. कडेच्या खालचे लोखंड झिजून गेले होते. नातवाने हवेची रबरी नळी उचलून उजेडात धरली. आतल्या बाजूस, क्लिपपासून पुढे, मातीचा एक वाळलेला ओघळ स्पष्ट दिसत होता. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. घराण्याच्या अब्रूसाठी ही म्हण ठीक असेल. इंजिनाला ती लागू पडत नाही. इंजिनाची मूठ उघडल्यावाचून दुरुस्तीच नाही, आणि उघडल्यावर आत जे आहे ते सर्वांनाच दिसते.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकटा खाली पाहत म्हणाला, “क्लिप सैल होती, दादा. मला ठाऊक होतं. संध्याकाळी आवळू, उद्या आवळू, असं करत हंगाम गेला. नंतर सांगायची लाज वाटली.” थोरल्याने नळी हातात घेतली, पाहिली, खाली ठेवली. “क्रँक बघून घे,” एवढेच तो म्हणाला. चार वर्षांनंतरचे ते त्याचे पहिले वाक्य.

क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टनची खालीवर होणारी धडक त्याच्यावर येऊन गोल फिरण्यात बदलते. तो श्रीरामपुरातील ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये नेला, तेव्हा आम्हीही सोबत गेलो. तेथील वयोवृद्ध कारागिराने मायक्रोमीटर घेऊन क्रँकचा प्रत्येक गोल भाग आडवा आणि उभा असा दोनदोनदा मोजला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “झीज सगळीकडं सारखी नसते, फादर. जिथं भार पडतो तिथं जास्त. म्हणून गोल दिसतं, पण गोल नसतं.”

पुढचे त्याने आम्हाला समजावून सांगितले, ते असे. झिजलेले लोखंड परत मिळत नाही. अशा क्रँकला पुन्हा खरा गोल करावयाचा तर जिथे सर्वाधिक झीज झाली आहे त्या मापापर्यंत बाकीचा चांगला भागही घासून उतरवावा लागतो. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, फार तर एक. कारागिरांच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस, म्हणजे इंचाचे इतके हजारावे भाग. मग क्रँक जेवढा बारीक झाला तेवढ्याच जास्त जाडीचे बेअरिंग त्याच्यावर बसवायचे. क्रँकने गमावलेली जाडी बेअरिंग आपल्या अंगावर घेते, आणि मधली फट पुन्हा जेवढ्यास तेवढी होते. चाळीसच्या पुढे सहसा कुणी जात नाही. मग क्रँकच बदलावा लागतो. या इंजिनाचे वीसवर भागले.

परतीच्या वाटेवर आमच्या मनात दुसऱ्या रविवारचे प्रवचन तयार होऊ लागले होते. क्षमा म्हणजे हेच, आम्ही स्वतःशी म्हणत होतो. अपराध्याने जे झिजविले ते परत येत नाही. क्षमा करणारा तेवढी जाडी आपल्या अंगावर घेतो आणि संबंध पुन्हा फिरू लागतो. दृष्टान्त सुबक होता. आम्ही तो उत्साहाने लिंबाखालीच बोलून दाखविला. वडिलांनी समाधानाने मान हलविली. सूनबाई मात्र हातातले काम थांबवून म्हणाल्या, “फादर, एक विचारू? दर वेळी बेअरिंगनंच जाड व्हायचं का?”

आम्ही गप्प झालो. त्या पुढे म्हणाल्या, “तुम्ही मला मोठेपणा घ्या म्हणाला होता. मी घेतला. चार वर्षं नांगरटीचं भाडं दुधाच्या पैशांतून दिलं. दोन म्हशींतली एक विकली. बाबांपुढं दोघांचंही चांगलं बोलले. पण माझं काय झिजलं, हे कुणी मोजलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.” आवाजात राग नव्हता. त्या परातीतला पुढचा भाग उचलून धुऊ लागल्या. त्या क्षणी आम्हाला उत्तर सुचले नाही.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा सुचलेले, अपुरे उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की, बेअरिंगची उपमा एका ठिकाणी तुटते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आम्ही घसरलो होतो. बेअरिंगला इच्छा नसते. कारागीर ज्या मापाचे आणील त्या मापाने ते बसते. माणूस तसा नाही. क्षमा ही क्षमा करणाऱ्याच्या स्वातंत्र्यातून निघाली तरच ती क्षमा; कुटुंबाने, शेजाऱ्यांनी अथवा धर्मगुरूने ती लादली तर ते केवळ दडपण होय. हाना अरेंट या विदुषीने १९५८ च्या आपल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात असे मांडले आहे की, केलेली कृती मागे घेता येत नाही या मानवी संकटावरचा उपाय म्हणजे क्षमा, आणि मानवी व्यवहारातील क्षमेचे स्थान शोधून काढणारे नाझरेथचे येशू होत. अरेंट ज्यू होत्या, श्रद्धेच्या भूमिकेतून लिहीत नव्हत्या. म्हणून त्यांची ही साक्ष आम्हाला अधिक मोलाची वाटते. क्षमा ही त्यांच्या दृष्टीने एक नवी, अनपेक्षित कृती आहे. जी ठरवून, गृहीत धरून एखाद्याकडून वसूल केली जाते तिला कृती कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट. आधी मोजमाप, मग दुरुस्ती, हा वर्कशॉपमधला नियम आपल्या घरांत आपण उलटा करतो. भांडण मिटले की झाले, असे म्हणतो. कोणाचे किती झिजले ते मोजायला भितो. वस्तुतः ख्रिस्तसभेची शिकवण येथे वर्कशॉपच्या बाजूने आहे. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप आणि पापस्वीकार यांच्यानंतर भरपाईचे स्थान आहे, हे आपण लहानपणी शिकलो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की, पापक्षमेने पाप नाहीसे होते, परंतु पापाने जी मोडतोड केली ती सगळी आपोआप दुरुस्त होत नाही; चोरलेले परत करावयाचे असते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उभे करावयाचे असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० च्या दैवी दयेवरील परिपत्रकात तर असे म्हटले आहे की, क्षमा म्हणजे अन्यायाकडे काणाडोळा नव्हे, आणि झालेल्या हानीची भरपाई ही क्षमेची अटच आहे. त्यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांनी मारेकऱ्याला क्षमा केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये रोमच्या तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. भेट संपली, पोप बाहेर आले, आणि कोठडीचे दार पुन्हा बंद झाले. ते दार उघडून त्याला इटलीने माफी दिली ती २००० साली. क्षमा मनापासूनची होती. परिणामही खरा होता. एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाचेच पाहा. प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला तो आधी. जक्कयाने हिशेब मांडला तो नंतर. कृपा विकत मिळाली नाही. पण कृपा घरात शिरताच जक्कय उभा राहिला आणि आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना, व ज्याला लुबाडले त्याला चौपट, असे आकडे बोलू लागला. त्याने नुसती ‘चुकलो’ अशी मोघम कबुली दिली नाही. त्याने माप सांगितले. ज्या कृपेमागोमाग माप येत नाही तिला डिट्रिक बॉनहॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली स्वस्त कृपा म्हटले होते. आमच्या ‘मोठेपणा घ्या’ या वाक्यातील कृपा अशीच स्वस्त होती. फरक इतकाच की ती भावांना स्वस्तात मिळाली आणि तिची किंमत सूनबाईंनी मोजली.

उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही दर प्रायश्चित्तकाळात वाचतो. बापाचे धावत जाणे सांगतो, थोरल्याचे रुसणे सांगतो. परंतु धाकटा दूर देशी असताना त्या घरातील दळण-कांडण, गुरे आणि म्हाताऱ्या बापाची काळजी कुणी वाहिली, आणि मेजवानीच्या दिवशी चुलीपुढे कोण बसले होते, याकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. दाखल्याचा तो विषय नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु आमच्या धर्मग्रामातील घरांचा तो विषय आहे. जिथे भार पडतो तिथे झीज जास्त, हे कारागिराचे वाक्य घराघरांतून हिंडत असताना आम्हाला पुनःपुन्हा आठवते. भार बहुधा एकाच ठिकाणी पडतो, आणि बाहेरून ते ठिकाण गोल दिसते.

आणि जिथे झीज नव्हे, तर घावच घातले जात आहेत, मारहाण, व्यसन, छळ, तिथे ‘सांभाळून घ्या’ असे म्हणणे हा उपदेश नव्हे, अपराध आहे. सात वेळा सत्तर वेळा क्षमा करण्याची आज्ञा पेत्राला मिळाली ती त्याने स्वतः किती क्षमा करावी हे विचारले म्हणून. दुसऱ्या कुणाला मार खात राहण्यास सांगण्यासाठी ती आज्ञा आपल्याला मिळालेली नाही. लोखंडाच्या क्रँकलाही चाळीसची मर्यादा असते. क्षमेला मर्यादा नसेल. सहन करण्याला आहे, आणि ती ओळखणे हेही प्रेमाचेच काम आहे.

मग आमच्या मूळ दृष्टान्ताचे काय उरले? आम्हाला वाटते, पुष्कळ उरले. फक्त जाडी कुणी घ्यायची हे बदलले. त्या रात्री जेवणे झाल्यावर धाकट्यानेच सांगितले की क्रँक, लायनर आणि पिस्टन यांचा खर्च त्याचा. थोरला म्हणाला की मजुरी वाचली तेवढे पैसे आणि पहिल्या हंगामाचे भाडे आधी म्हशीसाठी बाजूला पडेल. वडील म्हणाले, “वहीत लिहा.” नातवाने लिहिले. आम्हीही सूनबाईंना सर्वांसमक्ष सांगितले की, चार वर्षांपूर्वी आम्ही तुमचे ओझे न पाहता तुमच्यावर आणखी एक ओझे ठेवले. आम्हाला क्षमा करा. त्या संकोचून म्हणाल्या, “असं नका म्हणू फादर, भाकरी घ्या.” हे क्षमेचे उत्तर होते की पाहुणचार, हे आम्ही विचारले नाही. ते ठरविण्याचा अधिकार त्यांचा.

नवव्या दिवशी इंजिन बांधून झाले. धाकट्याने एक दिवस रजा वाढवून घेतली होती. डिझेलच्या नळीतील हवा काढली, टॅपेट लावले, आणि दोनतीन प्रयत्नांनंतर इंजिन खोकले, पांढरा धूर टाकला आणि ठेक्यात फिरू लागले. धाकट्या नातीने टाळ्या वाजवून विचारले, “बाबा, नवं झालं का इंजिन?” बाजेवरून म्हातारबा म्हणाले, “नवं नाही गं. नीट झालं.”

आमच्या सेमिनरीतील अभ्यासाची वर्षे त्या पाच शब्दांत मावतील असे आम्हाला वाटले. प्रकटीकरणाच्या ग्रंथात सिंहासनावर बसलेला प्रभू जुन्या वस्तू फेकून दुसऱ्या आणण्याची भाषा करीत नाही. जे आहे त्या सर्वांनाच नवेपण देण्याचे अभिवचन देतो. पुनरुत्थित प्रभूच्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि त्याने थोमाला ते बोटाने चाचपून पाहू दिले. देवाच्या हातची दुरुस्तीदेखील व्रण पुसून टाकीत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला तो वस्तूंपुरता नाही. जी संस्कृती वस्तू फेकते ती माणसेही फेकू लागते. मात्र न फेकणे म्हणजे नुसते दारात उभे करून ठेवणे नव्हे. न फेकता, न झाकता, मोजून नीट करणे, हा त्याहून कठीण मार्ग आहे.

एक शेवटची गोष्ट. नव्याने बांधलेल्या इंजिनाला लगेच जड कामाला जुंपत नाहीत. पहिले पन्नासएक तास हलके काम द्यायचे, मग तेल बदलायचे, हेडचे बोल्ट पुन्हा तपासायचे. नवे भाग एकमेकांना सरावेपर्यंत धीर धरायचा असतो. समेट झालेल्या घरांचेही तसेच असते. क्षमा एका क्षणात होऊ शकेल. विश्वास तासातासाने बसतो. काल माफ केलेस, मग आज पूर्वीसारखी का वागत नाहीस, असे विचारणे म्हणजे पहिल्याच दिवशी नांगर जोडणे होय. आणि इंजिन नीट चालत असते तेव्हा क्रँक व बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत. त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. घरात तो थर म्हणजे रोजची विचारपूस. ती एक दिवस विसरली तर काही बिघडत नाही. एक हंगाम विसरली तर काय होते ते आपण पाहिले.

सूनबाईंनी पडवीच्या भिंतीवर खडूने तासांच्या रेघा मारायला घेतल्या. दर पाच रेघांवर एक आडवी रेघ. धाकटा पुण्याहून फोन करून आधी किती रेघा झाल्या ते विचारतो, मग बाकीचे. अलीकडे तो फोन थोरल्याच्या नव्हे, वहिनींच्या नावाने येतो. वहीतील म्हशीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. थोडा उरला आहे. आम्ही त्या घरी जातो तेव्हा आता आधी तोच विचारतो.

वाचकहो, येत्या पापस्वीकाराची तयारी करताना आपण आपल्या अपराधांची यादी अवश्य करावी. परंतु तिच्या शेजारी आणखी एक लहानशी यादी करावी, अशी आमची नम्र सूचना आहे: आपल्या घरात आपल्या वाट्याची जाडी आजवर कोण घेत आले, त्याचे वा तिचे नाव, आणि त्यापुढे, जमेल तेवढ्या प्रामाणिकपणे, माप.